प्लेगच्या इस्पितळाचे दार

२९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे एक हजार गिरणी कामगार मुंबईच्या आर्थर रोडवरील साथीच्या रोगांच्या इस्पितळावर चालून गेले. ज्या जागी आजारी माणसाला औषध मिळायचे, खाट मिळायची, दूध आणि बर्फ मिळायचे, त्याच जागेवर हा हल्ला झाला. कामगार अडाणी आहेत, अफवांना बळी पडले आहेत, असे उत्तर सरकारी कागदांत आणि इंग्रजी वर्तमानपत्रांत तयार होतेच. अफवा होत्या, यात शंका नाही. पण त्या काळात इस्पितळात गेलेल्या माणसाचे काय होत असे, हे नीट पाहिले तर लोकांच्या भीतीला चांगला आधार होता असे दिसते. अधिकाऱ्यांना तो बराच काळ दिसला नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या इस्पितळात कोण जात असे, इथून सुरुवात करावी लागते. मुंबईत जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून उभे राहिलेले जे. जे. इस्पितळ १८४५ पासून चालू होते. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून बांधलेले ससून इस्पितळ १८६७ मध्ये सुरू झाले. पुढे मुंबईत गोकुळदास तेजपाल इस्पितळ आणि स्त्रियांसाठी कामा इस्पितळ आले. इमारती भक्कम होत्या, डॉक्टर शिकलेले होते. तरीही खाऊनपिऊन सुखी घरातला माणूस आजारी पडला की वैद्य, हकीम किंवा डॉक्टर घरी येई. इस्पितळात जाई तो ज्याच्या पाठीशी घर नाही असा माणूस: बंदरावर उतरलेला खलाशी, परांचीवरून पडलेला मजूर, वाटेत कोसळलेला यात्रेकरू, भिकारी. अशी माणसे बहुधा फार उशिरा येत आणि बरीचशी तिथेच मरत. गल्लीतल्या माणसाने इस्पितळाबद्दल जे ऐकलेले असे, ते बहुतेक मरणाबद्दलच असे.

शिवाय मरण ही घरात करायची गोष्ट होती. हिंदू घरात शेवटची घटका जवळ आली की माणसाला खाटेवरून खाली घेत, तोंडात गंगाजल आणि तुळशीचे पान घालत. मुसलमानाच्या कानावर कलमा पडावा, मग जवळच्या माणसांनी गुस्ल घालावे, अशी रीत. पारशांच्या प्रेताला ठराविक वेळेत विधींसह डुंगरवाडीला पोहोचवायचे असे. इस्पितळात हे काही होत नसे. प्रेत परक्याच्या हाताला लागे, कोणत्या जातीचा हात ते कळत नसे, आणि प्रेत फाडून पाहतात ही धास्ती असे. ही धास्तीही पोकळ नव्हती, कारण शवविच्छेदन हा नव्या वैद्यकशास्त्राचा रोजचा भाग होता.

या पार्श्वभूमीवर प्लेग आला. १८९४ मध्ये हाँगकाँगला मोठी साथ झाली होती आणि तिथेच अलेक्झांडर येर्सिन आणि शिबासाबुरो कितासातो यांनी रोगाचा जंतू शोधला होता. दोन वर्षांनी, बोटींवरच्या मालाबरोबर आलेल्या उंदरांमधून हा रोग मुंबईच्या बंदरात उतरला असावा, असे मानतात. बंदराला लागून असलेल्या मांडवीत धान्याची गोदामे होती, दाट चाळी होत्या आणि उंदरांना खाण्याची ददात नव्हती. तिथे आधी उंदीर पडू लागले, मग माणसे. मूळचे गोव्यातले, हडफडे गावचे, डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांची त्या भागात प्रॅक्टिस होती. त्यांनी ताप आणि गाठी असलेले रुग्ण पाहून हा गाठीचा प्लेग आहे असे ओळखले आणि सप्टेंबर १८९६ मध्ये तसे महापालिकेत सांगितले. सुरुवातीला त्यावर विश्वास बसला नाही. बसला, तेव्हा शहर पळायला लागले होते. १८९७ च्या सुरुवातीपर्यंत मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती गावाकडे निघून गेली. १८९१ च्या जनगणनेत मुंबईत ८ लाख २१ हजार माणसे होती. दहा वर्षांनंतरच्या मोजणीत ती ७ लाख ७६ हजार भरली.

गाठीचा प्लेग कसा चढतो हे समजले तर इस्पितळातली पुढची गोष्ट समजते. सकाळी कामावर गेलेला माणूस दुपारी हुडहुडी भरून परत येतो. डोके फुटेल असे दुखते, डोळे लाल होतात, जीभ पांढरी पडते. चालताना पाय लटपटतात आणि बोलणे जड होते, त्यामुळे तो दारू प्यायला आहे असेच बघणाऱ्याला वाटते. एकदोन दिवसांत जांघेत, काखेत किंवा मानेला गाठ येते. ती सुपारीएवढी असते, कधी अंड्याएवढी होते, आणि तिला कपड्याचा स्पर्शही सोसवत नाही. पिसू पायाला चावली असेल तर गाठ जांघेत येते, हाताला चावली असेल तर काखेत. पुढे वात होतो, माणूस उठून पळू पाहतो. हृदय मात्र याच वेळी अगदी दुबळे झालेले असते. पाणी पिण्यासाठी उठून बसलेला रुग्ण जागच्या जागी गतप्राण व्हावा, असे या रोगात घडे. बहुतेक मरणे पहिल्या पाचसहा दिवसांत होत. जो आठवडा काढी, त्याची गाठ पिकून फुटे आणि तो बहुधा जगे. औषध नसताना गाठीच्या प्लेगने निम्म्याहून अधिक माणसे दगावतात. जंतू फुप्फुसात शिरला तर मग जवळजवळ कोणीच वाचत नाही.

या रुग्णाला हलवणे हेच धोक्याचे होते. पण नेमका तोच हुकूम निघाला.

६ ऑक्टोबर १८९६ रोजी महापालिका आयुक्त पी. सी. एच. स्नो यांनी जाहीर केले की प्लेगचा रुग्ण आढळला तर त्याला इस्पितळात नेले जाईल, त्याची किंवा घरच्यांची इच्छा असो वा नसो. रुग्णाला डोलीत किंवा गाडीत घालून नेत. मागे राहिलेल्या घरात कार्बोलिक आणि रसकापुराचे पाणी पंपाने मारत, भिंतींना चुना देत, अंथरूण-पांघरूण जाळत. उजेड आणि हवा आत यावी म्हणून छपराची कौले काढत. दारावर लाल रंगात वर्तुळ काढून त्यात तारीख लिहीत: या दिवशी या खोलीत प्लेगचे मरण झाले. काही दारांवर अशी वर्तुळे एकाखाली एक साचत गेली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू.एच.एच.’ ही इंग्रजी अक्षरे रंगवत. ज्याला एकही अक्षर वाचता येत नव्हते, त्यालाही या रंगाचा अर्थ कळत होता.

चाळीच्या दृष्टीने हिशेब सरळ होता. आपल्यातला एक माणूस जिवंत नेला. त्याच्याबरोबर कोणाला जाऊ दिले नाही. चार दिवसांनी तो मेल्याचा निरोप आला, किंवा आलाच नाही. गेलेल्यांपैकी परत आलेला माणूस विरळा. मग लोक बोलू लागले. इस्पितळात माणसांना उलटे टांगून त्यांच्यापासून मोमियाई काढतात, अशी एक अफवा होती. माणसाच्या शरीरातून औषधी तेल काढण्याची ही कल्पना जुनीच होती, ती इस्पितळाला येऊन चिकटली. दुसरी अफवा अशी की मुंबईतल्या राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले, म्हणून राणी रागावली आहे आणि तिने माणसांची काळजे मागितली आहेत. पुतळ्याला डांबर फासल्याची घटना त्याच ऑक्टोबरात खरोखर घडलेली होती. अफवेत राग आणि अविश्वास खरा होता, तपशील तेवढा कल्पनेचा.

आर्थर रोडवरील हल्ल्यानंतर दुसऱ्याच दिवशी आयुक्तांनी हुकूम सैल केला. घरी वेगळे ठेवण्याची सोय असेल तर रुग्णाला हलवणार नाहीत, असे ठरले. यामागे दया होती असे म्हणवत नाही. शहरातला मैला उचलणारे हलालखोर आणि झाडूवाले पळून गेले तर मुंबई एका आठवड्यात राहण्याजोगी उरणार नाही, ही चिंता आयुक्तांना होती. शहर ज्यांच्या पाठीवर उभे होते त्यांनी पाठ फिरवण्याची भीती दाखवल्यावर सरकार वाकले, एवढे मात्र खरे.

इस्पितळाच्या आत काय होते? पक्क्या इमारती लवकरच अपुऱ्या पडल्या आणि मोकळ्या जागांवर बांबू आणि तट्ट्यांच्या लांब शेड उभ्या राहिल्या. प्लेग कोंदट हवेतून आणि घाणीतून पसरतो अशी समजूत असल्यामुळे या शेड शक्य तितक्या उघड्या ठेवत. साथ ओसरली की त्या जाळून टाकता येत, हाही हेतू होता. आत दोन रांगांनी लोखंडी खाटा. प्रत्येक खाटेच्या डोक्याशी तापाचा तक्ता. दोन खाटांच्या मधून परिचारिका फिरे. तिच्या हातात पाण्याचा किंवा दुधाचा तांब्या असे, कारण या रुग्णांची तहान भागतच नसे. डोक्यावर बर्फाची पिशवी ठेवत. हृदयाला जोर यावा म्हणून ब्रँडी, कुचल्यापासून काढलेले स्ट्रिक्निन, डिजिटॅलिस. तापाला क्विनाइन. गाठीवर पोटीस बांधत किंवा लेप लावत, आणि ती पिकली की चिरून निचरा करत. ब्रँडी तोंडाला लावायची नाही म्हणून औषध नाकारणारे रुग्ण होते, आणि परजातीच्या हातचे पाणी घ्यायचे नाही म्हणून तहानलेले राहणारेही होते. रोगावर नेमका इलाज यातला एकही नव्हता. रुग्णाला आडवे ठेवणे, पाणी पाजत राहणे आणि हृदय थांबू न देणे, एवढेच डॉक्टरांच्या हातात होते. ते नीट केले तर काही जीव वाचत. त्यासाठी रुग्णाजवळ सतत कोणीतरी असायला हवे होते, आणि शंभर रुग्णांमागे तेवढी माणसे इस्पितळाजवळ नव्हती. घरची माणसे मात्र फाटकाबाहेर बसून होती.

आर्थर रोड इस्पितळाचे वैद्यकीय प्रमुख डॉ. नसरवानजी होरमसजी चोक्सी यांनी ही सगळी वर्षे रुग्णांत काढली. इटालियन शास्त्रज्ञ लुस्टिग यांच्या रक्तलशीचे प्रयोग याच इस्पितळात, त्यांच्या देखरेखीखाली झाले. खुद्द येर्सिन मार्च १८९७ मध्ये आपली रक्तलस घेऊन मुंबईत आले होते. दोन्ही लशींनी जी आशा लावली होती तिच्या मानाने गुण थोडाच आला. ग्रँट मेडिकल कॉलेजचे डॉ. मॅन्सर १८९७ च्या आरंभी फुप्फुसाच्या प्लेगने गेले. त्यांच्या मरणाने एक वेगळे सत्यही पुढे आले. गाठ नसलेला, खोकल्यातून पसरणारा प्लेगचा हा प्रकार त्याच सुमारास त्याच कॉलेजातले एल. एफ. चाइल्ड यांनी नीट वर्णन करून दाखवला. परिचारिका आणि डॉक्टर मेले ते प्रामुख्याने या प्रकाराने.

गाठीच्या प्लेगच्या वॉर्डात मात्र डॉक्टरांना एक चमत्कारिक गोष्ट दिसत होती. महिनोन् महिने रुग्णांना उचलणारे, धुणारे, त्यांच्या उलट्या पुसणारे नोकर बहुधा धडधाकट राहत. जिथे कुठे नातेवाइकांना खाटेशी बसू दिले होते, तिथे तेही क्वचितच आजारी पडत. त्याच रुग्णाच्या चाळीतल्या शेजारच्या खोल्यांत मात्र एकामागून एक मरणे होत होती. याचा अर्थ लावायला आणखी काही वर्षे लागली. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमों यांनी कराचीत उंदरावरची पिसू रोग नेते हे दाखवले. त्यावर कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९०५ पासून मुंबईत काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने ते पक्के सिद्ध केले, तेव्हा कोडे सुटले. रोग माणसाकडून माणसाकडे येत नव्हता, उंदरांमुळे घरात राहत होता. चुना दिलेल्या, चकचकीत पुसलेल्या इस्पितळाच्या शेडमध्ये उंदीर नव्हते, म्हणून तिथे संसर्ग नव्हता. ज्या कारणासाठी नवऱ्याला बायकोपासून आणि मुलाला आईपासून तोडून नेले जात होते, ते कारणच गाठीच्या प्लेगला लागू नव्हते. आईला खाटेशी बसू दिले असते तर कोणाचेही काही बिघडले नसते, आणि रुग्णाला एक तांब्या पाणी वेळेवर मिळाले असते. त्या काळातल्या दुःखाचा हा भाग आजही वाचताना मन खिन्न होते.

मुंबईत हात पोळल्यावरही १८९७ मध्ये सक्ती परत आली, कारण दबाव बाहेरून होता. युरोपातल्या देशांची आरोग्य परिषद व्हेनिसला भरत होती आणि हिंदुस्थानचा माल आणि प्रवासी अडवले जाण्याची भीती होती. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. त्या कायद्याने सरकारला घरात शिरण्याचे, रुग्ण नेण्याचे, घर पाडण्याचे, प्रवासी अडवण्याचे जवळजवळ अमर्याद अधिकार मिळाले. मुंबईत ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांची प्लेग समिती आली, पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांची.

पुण्याची मोहीम १३ मार्च १८९७ रोजी सुरू झाली आणि १९ मे रोजी संपली. घरोघरच्या झडतीसाठी गोरे शिपाई वापरले. पेठांतून शिपायांच्या तुकड्या फिरत, वाड्याला वेढा देत, देवघरापर्यंत आणि माजघरापर्यंत जात. आजाराचा संशय आलेला माणूस संगमाजवळच्या इस्पितळात जाई आणि त्याच्या घरची माणसे स्वारगेटजवळच्या विलगीकरण छावणीत. प्रवाशांच्या काखा आणि जांघा स्टेशनांवर तपासत. पुरुषांना याची लाज वाटे, स्त्रियांना तर मरण बरे वाटे. अपराध नसताना घरदार बाहेर काढले जाते हे दिसल्यावर लोकांनी रुग्ण लपवायला सुरुवात केली. पोटमाळ्यावर, धान्याच्या कणग्यांमागे, शेजारच्या वाड्यात. मेलेल्या माणसाला रात्री गुपचूप नेत. काही घरांत परसात पुरल्याचेही उघडकीस आले. लपवलेला रुग्ण सापडे तेव्हा त्याचा चौथा-पाचवा दिवस असे, आणि तशा अवस्थेत त्याला डोलीत घालून हेलकावे देत नेत. असा माणूस इस्पितळात पोहोचून काही तासांतच मेला की शेजारपाजारच्यांची खात्री पटे: इस्पितळात नेले, म्हणून मेला. मग पुढचा रुग्ण आणखी नीट लपवला जाई आणि आणखी उशिरा सापडे. सक्ती जितकी कडक तितके इस्पितळातले मरण जास्त, आणि मरण जास्त तितकी सक्ती जास्त लागे.

स्त्रियांचा प्रश्न सर्वांत नाजूक होता. पुण्याच्या प्लेग इस्पितळातली आणि छावणीतली स्त्रियांची व्यवस्था सुरक्षित नाही, असे पंडिता रमाबाईंनी मे १८९७ मध्ये वर्तमानपत्रात पत्र लिहून सांगितले. सरकारने ते आरोप नाकारले. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी इंग्लंडात होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवरून त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रात शिपायांच्या अत्याचारांची वाच्यता केली. परत आल्यावर आरोप सिद्ध करण्याइतका पुरावा हाती न आल्याने त्यांना जाहीर माफी मागावी लागली. ज्या स्त्रीवर असा प्रसंग आला असेल ती पुढे येऊन साक्ष देईल, ही अपेक्षाच त्या समाजात फोल होती. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. आयर्स्ट तिथेच गेले, रँड ३ जुलैला. हा इतिहास मराठी वाचकाला शाळेपासून पाठ आहे, म्हणून इथे विस्तार नको. मात्र त्या रात्रीच्या प्रकाशात एक गोष्ट झाकली गेली, ती अशी की त्याच वसंतात त्याच पुण्यात रुग्णाकडे जाण्याची अगदी वेगळी रीत दोनतीन ठिकाणी दिसली होती.

पहिली सावित्रीबाई फुले यांची. त्यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ, ससाणे यांच्या मळ्यात, गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाई तेव्हा ६६ वर्षांच्या होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड यांचा मुलगा आजारी असल्याचे कळल्यावर त्या स्वतः गेल्या आणि मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. सरकारी इस्पितळात रुग्णाला नेताना चार अनोळखी माणसे लागत, इथे एका म्हाताऱ्या बाईची पाठ पुरली. ज्या वस्तीच्या विहिरीवर गावातले कोणी पाणी भरत नसे, तिथल्या मुलाला अंगाशी धरून आणणे याचा अर्थ त्या वस्तीला सांगावा लागला नाही. मुलगा वाचला असे सांगतात. सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रँडची घरझडती सुरू व्हायला अजून तीन दिवस होते.

दुसरी रीत हिंदू प्लेग इस्पितळाची. पुण्यातले बरेच पुढारी शहर सोडून गेले असताना टिळक राहिले, आणि वर्गणी जमवून हे इस्पितळ उभे करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. मुसलमानांची आणि पारशांची वेगवेगळी इस्पितळे निघाली. स्वयंपाक आपल्या जातीचा आचारी करतो, पाणी आपल्या माणसाच्या हातचे आहे, वैद्याला आत येऊ देतात, आणि मुख्य म्हणजे घरचे कोणीतरी खाटेशी बसू शकते, एवढे समजल्यावर लोक स्वतःहून रुग्ण आणू लागले. मुंबईतही गॅटेकर समितीच्या काळात जातींची आणि समाजांची इस्पितळे भराभर निघाली: पारशी, खोजा, मेमन, भाटिया, जैन. अनेक ज्ञातींनी आपल्या महाजनवाडीच्या पटांगणात किंवा भाड्याच्या जागेत शेड घातल्या. गॅटेकर स्वतः समाजाच्या पुढाऱ्यांना भेटत, त्यांना बरोबर घेऊन झडतीला जात. पुण्याच्या मानाने मुंबईची मोहीम कमी कडवट झाली याचे श्रेय त्यांना द्यायला हवे.

या इस्पितळांत औषधे तीच होती: तीच ब्रँडी, तोच बर्फ, तीच पोटीस. तरी माणूस लवकर येत होता, आणि लवकर आलेला रुग्ण हलवण्याच्या श्रमाने मरत नव्हता. जातीवार इस्पितळे ही कल्पना आजच्या वाचकाला टोचेल, आणि टोचायलाच हवी. ज्यांच्या जातीजवळ वर्गणी काढायला पैसा नव्हता, त्यांच्यासाठी सरकारी शेडच उरली. दलित वस्त्यांतल्या आणि परगावाहून आलेल्या एकट्या गिरणी कामगारांच्या वाट्याला पाण्याच्या तांब्याची वाट पाहणेच आले. पण ज्यांच्यासाठी दार उघडले, त्यांच्या बाबतीत भीती किती लवकर मावळली, हेही त्यात दिसते. पुढच्या काळात नाशिकसारख्या गावांतल्या प्लेग इस्पितळांत नातेवाइकांना रुग्णाजवळ राहता येई. १८९९ मध्ये भगूरच्या सावरकर कुटुंबातले वडील प्लेगने गेले. त्यानंतर धाकटे नारायणराव आजारी पडले तेव्हा थोरले बाबाराव त्यांच्या शुश्रूषेसाठी नाशिकच्या इस्पितळात राहिले. पुढे बाबारावांनाही प्लेग झाला. दोघेही वाचून बाहेर आले.

मुंबईत शेवटचा मोठा दंगा ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात, जुलाहा विणकरांच्या वस्तीत झाला. एका आजारी मुलीला तपासण्यासाठी नेण्यावरून तो पेटला. त्यानंतर सरकारने हळूहळू माघार घेतली. प्रेतांची तपासणी सैल झाली, वैद्य-हकिमांना मान्यता मिळाली, घरी उपचाराला मोकळीक मिळाली. गावाकडे तर लोकांनी आपला उपाय केव्हाच शोधला होता. उंदीर पडले की अख्खे गाव माळावर झोपड्या आणि राहुट्या ठोकून राहायला जाई आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परत येई. उंदीर आणि पिसवा मागे गावातच राहत असल्याने हा उपाय कोणत्याही इस्पितळापेक्षा गुणकारी होता. त्याचे शास्त्रीय कारण नंतर कळले.

दुसरा गुणकारी उपाय भायखळ्याच्या एका खोलीत तयार झाला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्या प्रयोगशाळेत प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना टोचली. टोचलेल्यांत रोग आणि मरण बरेच कमी दिसले. आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमोर टोचून घेतल्यावर खोजा समाजाची भीती गेली. लस आधी घ्यायची असल्याने खाटेवरच्या रुग्णाला मात्र तिचा उपयोग नव्हता. त्याची अवस्था पुढची चाळीस वर्षे जवळजवळ तशीच राहिली.

तोवर प्लेगने देशभर हाहाकार केला. पंजाबात तो सर्वांत भयंकर झाला. १९०७ या एका वर्षात हिंदुस्थानात १३ लाखांहून अधिक प्लेगची मरणे नोंदली गेली, आणि सर्व वर्षांची बेरीज एक कोटीच्या वर गेली. टिळकांचे थोरले चिरंजीव विश्वनाथ १९०३ मध्ये याच रोगाने गेले. इस्पितळात मेलेल्यांचा या बेरजेत वाटा अगदी लहान होता. बहुतेक माणसे घरात, माळावरच्या झोपडीत, वाटेवर मेली. पण माणसांच्या बोलण्यात राहिले ते इस्पितळच. घरातले मरण दुःखाचे होते, पण ते आपल्या माणसांच्या डोळ्यांदेखत होते.

खाटेवरच्या रुग्णाचे नशीब पालटले ते १९४० च्या दशकात. परळच्या हाफकिन संस्थेत साहिब सिंग सोखे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सल्फा औषधांचे प्रयोग केले, पाठोपाठ स्ट्रेप्टोमायसिन आले. वेळेवर दिले तर गाठीच्या प्लेगचे बहुतेक रुग्ण या औषधांनी वाचू लागले. बांबू-तट्ट्यांच्या शेड तोवर कधीच जळून गेल्या होत्या. व्हिएगस पुढे मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. त्यांचा पुतळा धोबीतलावाला मेट्रो सिनेमासमोर उभा आहे. आर्थर रोडचे इस्पितळ स्वातंत्र्यानंतर कस्तुरबा इस्पितळ झाले. मार्च २०२० मध्ये मुंबईतले करोनाचे पहिले रुग्ण तिथेच दाखल झाले, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्रात १८९७ चा साथीच्या रोगांचा कायदा पुन्हा लागू झाला. या वेळीही कित्येक घरांतल्या माणसांना आपल्या रुग्णाच्या खाटेशी बसता आले नाही.